लग्नाचं अक्षर

दुपारचं जेवण झालं होतं. मुक्ताईनगरकडच्या ओळखीच्या घरातलं लग्नाचं कार्ड सकाळी कोणी हातोहात आणून दिलं होतं, ते घेऊन बायको खाटेवर बसली. आमच्याकडे कार्ड आलं की वाचायचं काम तिचं. माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय, हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण वेगळं आहे, ते पुढे येईल.

तिने वाचायला सुरुवात केली. आधी श्री गणेश. मग चिरंजीव, मग नवऱ्या मुलाचं नाव, मग सौभाग्यकांक्षिणी, मग मुलीचं. सावकाश, एकेक शब्द चाखल्यासारखा. मधे थांबून म्हणाली, "हाऊ 'श' पाहा कसा फिरेल शे. मोरना मानसारखा." मी म्हटलं, "वाच पुढे. मोर नंतर बघ." खाली लग्नस्थळाचा पत्ता होता, बारीक आणि सरळ अक्षरात. तिथे ती थांबली. कार्ड माझ्याकडे केलं.

"हाई तुमी वाचा. मी चहा ठेवस."

मी कार्ड डोळ्याजवळ धरून पत्ता वाचला. मोठ्याने वाचला, कारण ती आत होती. अमुक मंगल कार्यालय, अमुक रोड, बसस्टँडच्या मागे. उत्तर आलं नाही. मी म्हटलं, "ऐकलं का?" आणि परत पहिल्यापासून वाचला. दुसऱ्यांदा वाचत असताना भांडं पडल्याचा आवाज आला. भांडंच पडलं असेल म्हणून मी पत्ता पुरा केला.

पत्ता पुरा करत बसलो याचा मला त्रास होतो. डॉक्टर म्हणाला, पडली त्याच क्षणी गेली होती, तुम्ही पळत आला असतात तरी काही झालं नसतं. डॉक्टरला असं म्हणावंच लागतं.

आमचा मुलगा धुळ्याला मास्तर आहे. तो आणि तिचा भाऊ मिळून पाचपर्यंत आले. दिवस बुडायच्या आत सगळं उरकलं. इथे मी कोणाचं नाव लिहिणार नाही. नाव नाही म्हणूनच लिहायला बसलो, नाहीतर हे लिहिण्यासारखं नाही.

मी तिसरी शिकलेला माणूस. जळगावात एका छापखान्यात जुळारी होतो, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या. शाळेत अक्षरं सुलटी शिकलो ती विसरलो, छापखान्यात उलटी शिकलो ती पक्की बसली. खिळ्यावर अक्षर आरशातल्यासारखं असतं. अजूनही घाईत असलो की माझं बोट ओळीच्या उजव्या टोकाला जातं.

छापखान्यात बाकीच्या केसेस, म्हणजे खिळ्यांचे खणांचे ट्रे, भिंतीला, आणि एक केस वेगळी मालकाच्या टेबलामागे. ती लग्नाची. त्यातलं अक्षर दुसऱ्या कशासारखं नव्हतं. बोरूने काढल्यासारखं, सुरुवातीला भरदार आणि जाता जाता केसाएवढं बारीक. डोक्यावरची रेघ सरळ न जाता शेवटी जरा उचललेली. उकाराची शेपूट खालच्या ओळीत उतरायची, वेलांटी शेजारच्या अक्षराच्या डोक्यावरून जायची. म्हणजे शिसं खिळ्याच्या बाहेर लोंबायचं, आणि चौकट आवळताना जरा जोर झाला की शेपूट तुटली. म्हणून त्या केसला फक्त माझा हात. बाकीच्यांना मी जवळ येऊ देत नसे. मला वाटायचं ते अक्षर माझं आहे.

त्याचे नियम मी केले होते. पूर्ण कार्ड त्यात जुळवायचं नाही, माणसाला वाचता येत नाही. फक्त देवाचं नाव, नवरा-नवरीचं नाव आणि मोठ्या दोन-तीन ओळी. बाकी सरळ अक्षर. दुसरा नियम, दुकानाच्या उद्घाटनाला ते द्यायचं नाही. तिसरा, काळ्या शाईत ते कधीच घालायचं नाही. मयताला सरळ अक्षर, काळी चौकट, संपलं. मालक म्हणायचा, "अक्षराचे पैसे मी दिले आणि रुबाब तू करतो." मी म्हणायचो, "मग तुम्ही जुळवा." तो हसून निघून जायचा.

लग्न झालं तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. धुळ्याकडच्या खेड्यातली, पाच बहिणींतली मधली. मी छापखान्यातून बिघडलेली कार्डं घरी आणायचो. शाई फासलेली, वाकडी बसलेली, रंग सरकलेली. ती डब्यांच्या तळाशी घालायची, उरलेली चुलीत. एक दिवस एक कार्ड चुलीत टाकता टाकता थांबली आणि म्हणाली, "ह्यामा काय लिखेल शे?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. मग रोजच.

पाटी नव्हती, पुस्तक नव्हतं, कार्डं ढिगाने होती. तीच समोर धरून मी शिकवलं. तिने आयुष्यात पहिला वाचलेला शब्द 'चि.' दुसरा 'सौ. कां.' वर्षभरात ती कार्डावरची नावं घडाघडा वाचायला लागली. आमची एकच खोली होती, तिच्या भिंतीला तिने निवडून कार्डं चिकटवली होती. ओळखदेख नसलेल्या लोकांची लग्नं आमच्या भिंतीवर.

पण कार्डावर मोठं असायचं ते हेच अक्षर. सरळ अक्षर खाली बारीक, त्याच्याकडे आम्ही दोघांनी लक्ष दिलं नाही. मला वाटलं, एक आलं की दुसरं येणारच. तसं झालं नाही. एकदा मी वर्तमानपत्र तिच्यापुढे टाकलं आणि म्हटलं, "घे, आता हे वाच." ती बघत बसली. बोट ठेवलं, उचललं, परत ठेवलं. म्हणाली, "ह्या तं खुंट्या ठोकेल शेतस." तिला वळण ओळखू येत होतं, आणि इथे वळणच नव्हतं.

मी हसलो. नुसता हसलो असतो तर चाललं असतं. मी म्हटलं, "पहिलीतल्या पोराला येतं हे. तुझं शिक्षण म्हणजे नुसती वरात." शेजारीण दारात होती, तीही हसली.

त्यानंतर तिने माझ्यासमोर पेपर कधी हातात घेतला नाही. मी दोनदा म्हटलं, चल शिकवतो. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं नाही. पोटात मुलगा होता तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. "पोऱ्याले कधी सांगानं नही." मी म्हटलं, नाही सांगणार. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत. पण हे मी पन्नास वर्षं सांगितलं नाही.

मुलगा शाळेत जायला लागला. संध्याकाळी ती त्याची वही मांडीवर घ्यायची. काय लिहिलंय ते तिला कळत नव्हतं, कसं लिहिलंय ते कळत होतं. "हाऊ 'क' पोट सुटेल शे. परत काढ." पोरगा परत काढायचा. त्याचं अक्षर असं झालं की शाळेच्या फळ्यावरचा सुविचार तोच लिहायचा. आज तो चार माणसांत सांगतो, माझं अक्षर आईने घडवलं, आई अभ्यास घ्यायची. ती शेजारी बसून पदर नीट करायची. मी छताकडे बघायचो.

बँकेत सहीला गेली तेव्हाही तेच. तिने कार्डावरच्या वळणात सही केली, शेपटी-बिपटीसकट. बँकेतला माणूस म्हणाला, "मावशी, सही आहे का रांगोळी?" हे ती कौतुकाने सांगायची. त्याच माणसाने पुढे सरकवलेला फॉर्म मी वाचून भरला, हे सांगायची नाही.

बसची पाटी मी वाचायची, औषधाची चिठ्ठी मी, विजेचं बिल मी. आणि लग्नाचं कार्ड तिने. दारात पाहुणा असला की मुद्दाम मी तिच्याकडे कार्ड द्यायचो, डोळ्याचं निमित्त करून. एवढं एक मी केलं. झालेल्याची भरपाई म्हणून फार नाही.

आता त्या संध्याकाळचं. अंघोळी झाल्या होत्या, शेजारच्यांनी पिठलं-भाकरी आणली होती, कोणी खात नव्हतं. दहाव्याला गंधमुक्ती ठरली. आमच्याकडे त्या दिवशी घरच्यांना गंध लावून दुखवट्यातून बाहेर काढतात, आणि त्याची पत्रिका छापून नातेवाइकांत जाते. जुना छापखाना बंद झाला तरी त्याच जागी मालकाचा मुलगा कॉम्प्युटरवर पत्रिका करतो. आमच्या मुलाने त्याला फोन केला आणि तासाभरात पत्रिका मोबाइलवर आली. उद्या छापतो म्हणाला.

मोबाइल हातोहात फिरत माझ्याकडे आला. काळी चौकट, तिचा फोटो, खाली सरळ अक्षरात तिचं नाव. सगळं नियमाप्रमाणे. माझ्याच.

मी बघत बसलो. तिचं नाव होतं आणि ते तिला वाचता आलं नसतं.

मी मुलाला म्हटलं, "अक्षर बदलायला सांग."

"कोणतं पाहिजे, नाना?"

"लग्नाचं."

खोलीत बायका हुंदके देत होत्या, त्याही थांबल्या. तिचा भाऊ म्हणाला, "पाव्हणा, डोकं ठिकाणावर शे का?"

"आहे."

"मयतले लग्नाचं अक्षर? मंग बेंडबी सांगी देऊत."

 असलंच वाक्य मी एकदा दुसऱ्या कोणाला ऐकवलं होतं, ते माझ्या कानात वाजलं.

मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. हळू म्हणाला, "नाना, लोक हसतील. आईला हसतील. तुम्हीच सांगायचे ना, मयताला सरळ अक्षर. का पाहिजे पण? कारण सांगा, मी करतो."

कारण एका वाक्याचं होतं. तुझ्या आईला दुसरं अक्षर येत नव्हतं. तोंडात आलं होतं. समोर तिचा भाऊ, तिच्या बहिणी, शेजारीपाजारी, आणि हा पोरगा, ज्याने आल्यापासून तीनदा सांगितलं होतं की आई माझा अभ्यास घ्यायची. वाक्य बोललो असतो तर पत्रिका मिळाली असती आणि ती गेली त्याच दिवशी मी तिला परत त्या शेजारणीसमोर उभी केली असती. मी तोंड मिटलं.

"राहू दे," म्हटलं.

तिची बहीण पुटपुटली, "जलमभर वाकडंच बोलना, आजबी सुधरना नही." बरोबर बोलली.

रात्री पडल्या पडल्या मला तिची आठवण यायला हवी होती, आठवला तो रावेरकडचा एक माणूस. तिशीचा असेल. केळीच्या डागांचा सदरा घालून छापखान्यात आला होता. बायको काविळीने गेलेली. गंधमुक्तीची पत्रिका करायची म्हणाला आणि खिशातून कार्ड काढलं, त्यांच्याच लग्नाचं, दोन वर्षांचं जुनं. घडीवर फाटत आलेलं. नावावर बोट ठेवून म्हणाला, "हिचं नाव याच अक्षरात करा. तुम्हीच छापलं होतं."

मी म्हटलं, "हे लग्नाचं अक्षर आहे."

"माहीत आहे. तिला आवडलं होतं. ती रोज काढून बघायची."

मी म्हटलं, "मग मंगलाष्टकं पण म्हणून घे." ट्रेडल मशीनवरचा माणूस मोठ्याने हसला. मालकही हसला.

त्याने वाद घातला नाही. कार्ड जुन्या घडीवरच घडी करून परत खिशात ठेवलं. म्हणाला, "तुमचं असेल तसं करा." मी सरळ अक्षरात केलं. चांगलं केलं, एक खिळा वाकडा नव्हता. नंतर तो कधी दिसला नाही. पत्रिका घ्यायलाही दुसरं कोणी आलं.

घरी येऊन मी तिला मजा म्हणून सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली.

"देनं व्हतं ना त्याले. अक्षर काय तुमना बापनं शे?"

मी म्हटलं, नियम असतो.  त्या दिवशी भाकरी करपली. तिची भाकरी कधी करपत नसे.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. चहा ठेवायला कोणी उठलं नव्हतं म्हणून पाणी प्यायलो. टोपी घातली आणि निघालो. सुतकात असं बाहेर पडत नाहीत, दुखवट्याला दारावर बसायला माणसं येणार होती. सून म्हणाली, "नाना, कुठे?" मी म्हटलं, "येतो." खाटेवर मुक्ताईनगरचं कार्ड तसंच पडलं होतं, ते खिशात घातलं.

दुकानाचं शटर नुकतंच वर गेलेलं. मालकाचा मुलगा उदबत्ती लावत होता. आता त्याचेही केस पांढरे झालेत. मला बघून हातातली काडी तशीच राहिली.

"नाना, तुम्ही कशाला आले? आत या."

"सुतक आहे. पायरीवर बरा आहे."

तो बाहेर येऊन माझ्याजवळ पायरीवर बसला. मी सांगितलं, पत्रिकेचं अक्षर बदलायचं. लग्नाचं टाकायचं.

 तो म्हणाला, "नाना, राग मानू नका. आमच्या वडिलांशी तुम्ही यावरून भांडायचे. काळ्या शाईत ते अक्षर घालणाऱ्याचा हात मोडेन म्हणायचे. मी आजपर्यंत तसंच ठेवलं आहे."

"माहीत आहे."

"मग आता काय झालं?"

पुन्हा तेच वाक्य तोंडाशी आलं. पुन्हा गिळलं. पण काहीतरी देणं भाग होतं, म्हणून मी त्याला रावेरवाल्याचं सांगितलं. सगळं सांगितलं. कार्डाची घडी, मंगलाष्टकं, त्याचे वडील हसले तेही. म्हटलं, "तो नियम नव्हता, माझा माज होता. त्याला द्यायला पाहिजे होतं. मी चुकलो. तुझ्या दुकानात मी केलेला नियम आहे, तर मीच मोडायला आलो."

माझ्या तोंडून 'चुकलो' कोणी ऐकलेलं नाही. त्याने मान खाली घातली.

"मास्तरांना विचारू का एकदा?"

"त्याला मी सांगतो. म्हाताऱ्याची हौस म्हणून सांगतो. शिव्या मला बसू दे."

तो आत गेला, कॉम्प्युटर लावला. पडदा माझ्याकडे फिरवला. त्यात आता तसली अक्षरं पन्नास आहेत म्हणाला, पण एक आमच्या जुन्या केसच्या जवळ जाणारं आहे. त्याने तिच्या नावावर ते टाकलं. खुंट्या होत्या तिथे एकदम वळण आलं. उकाराची शेपूट खाली उतरली, वेलांटी वरून गेली. आता ती तुटायची भीती नाही.

"झालं," तो म्हणाला. "नाव झालं. बाकी सरळ ठेवतो."

"बाकी पण."

"सगळं? नाना, लोकांना वाचता येणार नाही. तुमचाच नियम."

"अडखळतील जरा."

"तारीख, वेळ, पत्ता... म्हातारी माणसं असतात."

"अडखळू दे. एका पत्रिकेपुरतं अडखळू दे सगळ्यांना. मग कोणाला तरी विचारतील."

त्याला ते कळलं नाही, आणि मी समजावलं नाही. त्याने सगळ्या पत्रिकेवर तेच अक्षर टाकलं आणि एक प्रूफ काढून पायरीवर आणून दिलं.

मुलाला त्या दिवशी म्हाताऱ्याची हौस एवढंच सांगितलं. तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. आता हे लिहून टाकलं ते बरोबर केलं की नाही, मला कळत नाही. पन्नास वर्षं दोघांनी मिळून धरलेलं होतं, एकट्याने धरवत नाही. त्याच्या हाती पडलं तर त्याने त्याच्या जुन्या वह्या काढून बघाव्यात. 'क'चं पोट सुटलेलं तिनेच पकडलं होतं, ते खोटं नाही.

त्या सकाळी मी पायरीवर बसून प्रूफ डोळ्याजवळ धरलं. सवयीने बोट उजवीकडे गेलं, ते उचलून डावीकडे ठेवलं. नाव तपासलं. तारीख तपासली. मग खाली पत्त्याची ओळ. ती मी मोठ्याने वाचली, दोनदा वाचली.  खिशातला पेन काढला, कोपऱ्यात 'छापा' लिहिलं आणि खाली सही केली.